पत्रकातल्या एका ओळीसाठी

२०१७च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, डॉक्टरांसाठी एक इशारा काढला. ‘ओकॅलिव्हा’ या नावानं विकलं जाणारं ओबेटिकोलिक ॲसिड हे औषध बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस या दुखण्यावरचं हे औषध. या दुखण्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट करते. रुग्णांमध्ये बहुतेक मध्यमवयीन बायका असतात. एफडीएकडे १९ मृत्यूंची नोंद आली होती. त्यांपैकी ८ प्रकरणांत मृत्यूचं कारण कळवलेलं होतं, आणि त्या ८ पैकी ७ रुग्णांचं यकृत मध्यम ते तीव्र प्रमाणात निकामी असतानाही त्यांना रोज ५ मिलिग्रॅमची गोळी दिली जात होती. माहितीपत्रकाप्रमाणे त्यांना ती आठवड्यातून एकदा सुरू करायची होती, आणि वाढवून वाढवून जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा, एवढीच द्यायची होती.

प्रत्येक मृत्यू औषधानंच झाला, असं सिद्ध झालेलं नव्हतं. या रुग्णांचा आजार मुळातच पुढे गेलेला होता. पण ‘रोज’ आणि ‘आठवड्यातून एकदा’ यांतला फरक कुणी अंदाजानं ठरवलेला नव्हता. औषध बाजारात येण्याआधी यकृत कमी-अधिक बिघडलेल्या माणसांना १० मिलिग्रॅमची एकच मात्रा देऊन, त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा काढून, त्यातलं औषध मोजलं गेलं होतं. निरोगी माणसांच्या तुलनेत सौम्य बिघाड असलेल्यांच्या रक्तात औषधाचा एकूण साठा १.१ पट भरला, मध्यम बिघाडात ४ पट आणि तीव्र बिघाडात १७ पट. हा सतरा पटींचा आकडा छापलेला होता, डॉक्टरांच्या हाती होता.

हा आकडा ज्यांच्या रक्तातून आला, त्या माणसांविषयी हा लेख आहे. त्यांची नावं कुठेच नसतात. त्या गोळीनं त्यांचा आजार बरा होणार नव्हता आणि ही गोष्ट त्यांना आधीच सांगितलेली होती. नव्या औषधांच्या चाचणीतला हा कोपरा फारसा कुणाला ठाऊक नाही. मला मात्र तो सगळ्यांत महत्त्वाच्या कोपऱ्यांपैकी एक वाटतो.

आपण गिळलेली गोळी आतड्यातून थेट सगळ्या अंगात जात नाही. आतड्याकडून येणारं रक्त आधी यकृतात जातं. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे, तसा हा नाका. यकृतात मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश या आतड्याकडच्या वाटेनं, पोर्टल शिरेतून येतं. काही औषधांचा मोठा हिस्सा या पहिल्याच फेरीत मोडला जातो. प्रोप्रॅनोलॉल, मॉर्फिन, व्हेरापामिल ही त्यांतली ओळखीची नावं. अशा औषधाची मात्रा ठरवताना वाटेत किती नष्ट होणार याचा हिशेब धरूनच ती वाढवलेली असते.

सिरॉसिसमध्ये हा हिशेबच चुकतो. यकृत निबर होतं, आतला दाब वाढतो, आणि रक्त नाका टाळून चोरवाटांनी पुढे जातं. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, ज्या फुटल्या की रक्ताची उलटी होते, त्या याच चोरवाटा. औषध मोडणाऱ्या पेशी कमी होतात, उरलेल्यांपर्यंत रक्त नीट पोचत नाही. त्यात अल्ब्युमिन घटतं. पुष्कळशी औषधं रक्तात या प्रथिनाला चिकटून फिरतात आणि न चिकटलेला, मोकळा भागच काम करतो. अल्ब्युमिन घटलं की मोकळा भाग वाढतो. नेप्रॉक्सेन या वेदनाशामकाचं एकूण प्रमाण अशा रुग्णांत कमी झालेलं दिसतं, पण मोकळं नेप्रॉक्सेन वाढलेलं असतं. म्हणजे नुसता प्रयोगशाळेतला एकूण आकडा पाहणाऱ्याला वाटेल की मात्रा कमी पडते आहे, आणि प्रत्यक्षात ती जास्त होत असेल.

मूत्रपिंडाच्या बाबतीत डॉक्टरांची सोय आहे. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि वजन घातलं की १९७६पासून वापरात असलेल्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रानं एक आकडा मिळतो आणि त्यावरून मात्रा कमी करता येते. यकृताला असा आकडा नाही. ते एकाच वेळी पित्त तयार करतं, प्रथिनं घडवतं, विषारी द्रव्यं निपटतं, आणि ही कामं एकाच वेगानं ढासळत नाहीत. औषधं मोडणाऱ्या विकरांपैकी काही सिरॉसिसच्या सुरुवातीलाच मंदावतात, काही बऱ्याच उशिरापर्यंत टिकून राहतात. औषधाला दुसरा रेणू जोडून ते बाहेर काढायची एक पद्धत यकृतात असते, ती तर खूपच चिवट आहे. त्यामुळे झोपेच्या गोळ्यांतलं डायझेपाम सिरॉसिसच्या रुग्णाच्या अंगात दुप्पट किंवा त्याहून जास्त काळ मुक्काम करतं, आणि त्याचंच भावंड असलेलं लोराझेपाम तेवढं रेंगाळत नाही. कागदावर गणित मांडून हे आधी ओळखता आलं असतं, तर कुणा आजारी माणसाला दंडात सुई टोचून घेत झोपून राहावं लागलं नसतं.

आकडा नाही म्हणून वैद्यकानं एक गुणपत्रिका उसनी घेतली. चार्ल्स गार्डनर चाइल्ड आणि जेरेमाया टर्कॉट या मिशिगनच्या शल्यचिकित्सकांनी १९६४मध्ये ती मांडली. पोर्टल शिरेतला दाब कमी करायची मोठी शस्त्रक्रिया कोणता रुग्ण सोसेल, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. १९७३मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी तिच्यात फेरफार केला. रुग्णाच्या पोषणाचा निकष काढून रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा घातला. आजची चाइल्ड-प्यू गुणसंख्या ती हीच. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम, या पाचांना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ५-६ आली तर ए वर्ग, ७ ते ९ बी आणि १० ते १५ सी.

या पाचांतला एकही निकष औषध मोडण्याचा वेग मोजत नाही. दोन रुग्णांना आठ-आठ गुण असू शकतात. एकाचं पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं आणि अल्ब्युमिन खाली, दुसऱ्याचे डोळे पिवळेधम्मक पण पोट सपाट. औषधाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी माणसं आहेत आणि तरी चाचणीत ती एकाच गटात बसतात. मात्रेबद्दलची जगभरची शिफारस या साठ वर्षांपूर्वीच्या शल्यचिकित्सेच्या गुणपत्रिकेवर उभी आहे. तिच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत, पण तिच्या जागी सर्वांना पटेल असं दुसरं साधन अजून आलेलं नाही. म्हणून प्रत्येक नव्या औषधासाठी प्रत्यक्ष माणसांकडे जावं लागतं.

एफडीएनं या चाचण्यांची मार्गदर्शक तत्त्वं २००३मध्ये काढली, युरोपीय औषध संस्थेनं २००५मध्ये. शोषलेल्या औषधापैकी २० टक्क्यांहून जास्त भाग यकृतातून निपटला जात असेल, तर चाचणी करावी. त्याहून कमी असेल, पण उपायकारक आणि घातक मात्रेत अंतर थोडं असेल, तरी करावी. प्रत्येक गटात हिशेबात धरता येतील अशी किमान ६ माणसं हवीत. सहा! ज्या निष्कर्षावर पुढे हजारो रुग्णांची मात्रा ठरणार, तो सहा-आठ माणसांच्या रक्तावर काढला जातो. माणसं मिळणं किती अवघड असतं, ते या आकड्यावरून कळावं.

चाचणी पहिल्या टप्प्यातली असते. एरवी या टप्प्यात धडधाकट स्वयंसेवक घेतात. इथे मात्र सिरॉसिसचा रुग्ण येतो, तोही स्थिर अवस्थेतला हवा. नुकतीच रक्ताची उलटी झालेला चालत नाही. यकृतात कृत्रिम वाट बसवलेला सहसा चालत नाही. गुणसंख्या काही दिवसांच्या अंतरानं बदललेली चालत नाही. पाणी उतरवायची गोळी, लॅक्ट्युलोजचं औषध, शिरांवरचा दाब कमी ठेवणारी गोळी, ही रोजची औषधं मात्र बंद करता येत नाहीत. ती चालू ठेवून, त्यांची मात्रा न हलवता चाचणी करतात.

काढे आणि जडीबुटी यांची चौकशी कसून होते. २०२०च्या शेवटी कोविडच्या भीतीनं लोक गुळवेल घेत होते, तेव्हा गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांचा अहवाल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून वादही झाला. पण चाचणी घेणाऱ्याच्या दृष्टीनं मुद्दा सरळ आहे. न सांगितलेला काढा रक्तातल्या औषधाचा आकडा बिघडवू शकतो आणि रुग्णाचं यकृतही.

रुग्ण आदल्या संध्याकाळी दाखल होतो. मिठाचं प्रमाण सांभाळलेलं जेवण, मग रात्रभर उपास. सकाळी दंडात सुई बसवतात. या माणसांच्या रक्तात प्लेटलेट कमी, रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून सुईच्या जागी निळेकाळे डाग पडतात. ठरल्या वेळी ठरल्या पाण्याबरोबर गोळी. मग अर्ध्या तासानं रक्त, एका तासानं, दोन तासांनी, चार तासांनी, रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. निरोगी माणसाच्या अंगातून औषध लवकर जातं, याच्या अंगातून जात नाही, त्यामुळे मुक्काम लांबतो. लॅक्ट्युलोजमुळे दिवसातून तीन-तीनदा शौचाला जावं लागतं आणि रक्ताची वेळ मात्र टळू द्यायची नसते. रात्री पायात गोळे येतात, काविळीची खाज सुटते. काढलेलं रक्त एकूण रक्तदानाच्या एका पिशवीपेक्षा सहसा कमीच भरतं, पण देणाऱ्याचं हिमोग्लोबिन आधीच उतरलेलं असतं.

गट एकदम सुरू करत नाहीत. आधी सौम्य, त्यांचे आकडे पाहून मध्यम, मग धीर धरून तीव्र. निरोगी गटातली माणसं नंतर शोधतात, कारण ती वय, वजन आणि लिंग या बाबतींत रुग्णांशी जुळायला हवीत. पंचावन्न वर्षांच्या रुग्णाच्या शेजारी पंचवीस वर्षांचा विद्यार्थी उभा करून तुलना होत नाही.

हाती काय येईल, हे खरोखरच आधी सांगता येत नाही. हेपटायटिस सीवरच्या ग्राझोप्रेव्हिरचा साठा मध्यम बिघाडात ५ पट आणि तीव्र बिघाडात १२ पट भरला. म्हणून ते औषध बी आणि सी वर्गासाठी वर्ज्य ठरलं. उलट बेडाक्विलिनचं पाहा. दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी आज मुंबईत हे औषध किती मोलाचं आहे, ते सांगायला नको. बी वर्गातल्या ८ जणांना ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा देऊन २८ दिवसांचा हिशेब मांडला, तर त्यांच्या रक्तात औषध निरोगी माणसांपेक्षा सुमारे २० टक्के कमी निघालं. यकृत बिघडलं की औषध साचणारच, हा सरधोपट समज त्या ८ जणांनी खोडून काढला आणि सौम्य व मध्यम बिघाडात मात्रा कमी करू नये, अशी ओळ पत्रकात आली. ती चाचणी झाली नसती तर भीतीपोटी कुणी मात्रा घटवली असती, आणि क्षयात अपुरी मात्रा म्हणजे जंतूला निर्ढावण्याची संधी. तीव्र बिघाडाचा गट मात्र त्या चाचणीत नव्हता. सी वर्गाचा क्षयरुग्ण समोर आला की डॉक्टरला आजही स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावं लागतं.

काही औषधं तर यकृतात गेल्यावरच औषध बनतात. कोडीनचं मॉर्फिन यकृत करतं. तिथे यकृत थकलेलं असेल तर रुग्ण गोळी घेतो आणि त्याचं दुखणं मात्र तसंच राहू शकतं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र संमतीची आहे. चाइल्ड-प्यूच्या पाच निकषांतला एक मेंदूचा आहे. यकृतानं न निपटलेली अमोनियासारखी द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात. माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, हात पुढे धरायला सांगितले तर ते फडफडतात, वार विसरतो. आजार जितका पुढचा तितका तो चाचणीला हवा, आणि जितका पुढचा तितकी त्याची समज डळमळीत असण्याची शक्यता जास्त. म्हणून तीव्र गटात सहसा असे लोक शोधतात ज्यांचे गुण बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पोटातल्या पाण्यावर भरतात, पण डोकं साफ आहे. सौम्य गुंगी साध्या गप्पांत कळत नाही. विखुरलेले आकडे क्रमानं जोडायला लावणाऱ्या चाचणीत ती दिसते. संमतीपत्रावर सही घेण्याच्या दिवशीच ही चाचणी घ्यावी आणि औषधाच्या दिवशी पुन्हा विचारावं, असं मला ठामपणे वाटतं. सकाळी समजून ‘हो’ म्हणणारा हा माणूस संध्याकाळी तेवढाच शुद्धीत असेल, याची खात्री नसते.

ही माणसं येतात कुठून? फ्लोरिडा आणि टेक्सासमधली खासगी केंद्रं, न्यूझीलंडमधलं ऑकलंड, पूर्व युरोपातल्या मोल्डोवाची राजधानी किशिनाऊ, अशा ठिकाणी हे काम मोठ्या प्रमाणात चालतं. मोल्डोवा युरोपातल्या गरीब देशांपैकी एक आणि तिथे सिरॉसिसचं प्रमाण फार मोठं. आजारी माणसं भरपूर आणि पैशांची निकड, या दोन्ही गोष्टी एकत्र असतात तिथे केंद्र उभं राहतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोबदला मिळतो, तपासण्या फुकट होतात, काही दिवस नीट जेवण मिळतं. कुणी त्यासाठी येतं, कुणी आपल्यासारख्या दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून. एकाच माणसाच्या मनात दोन्ही असू शकतं, आणि त्यामुळे त्याचं देणं कमी होत नाही.

परदेशात शोधलेल्या औषधाची पहिल्या टप्प्याची चाचणी थेट भारतात करायला आपले नियम सहसा वाव देत नाहीत. पण औषधं शोधणाऱ्या भारतीय कंपन्या आता आहेत आणि सिरॉसिसच्या रुग्णांनी आपली सरकारी रुग्णालयं भरलेली आहेत. मुंबईत केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पोटातलं पाणी काढून घ्यायला कोकणातून, खानदेशातून आलेली माणसं नातेवाइकाच्या खांद्यावर हात टेकून बसलेली असतात. उद्या त्यांच्यातल्याच कुणाला विचारलं जाईल. २०१९च्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांत संरक्षणाच्या बऱ्याच गोष्टी आहेत. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात. २०१२-१३च्या सुमाराला इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या लढ्याचा यात मोठा वाटा आहे.

त्याच नियमांच्या सातव्या अनुसूचीत चाचणीमुळे मृत्यू झाल्यास द्यायच्या भरपाईचं सूत्र आहे. ८ लाख रुपये गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. पासष्टीच्या माणसाचा वयाचा घटक ९९.३७च असल्यानं तिथे हिशेब तोंडी करता येतो. जोखमीचा घटक निरोगी माणसाला ४. जो ६ ते २४ महिने जगेल अशी अपेक्षा आहे त्याला १. जो सहा महिन्यांपेक्षा जास्त जगेलसं वाटत नाही त्याला अर्धा. आता एकाच यकृत-चाचणीतले पासष्टीचे दोघे घ्या. दोघांनी एकाच सकाळी तीच गोळी गिळली. निरोगी सोबत्याचा मृत्यू झाला तर त्याच्या घरच्यांना ३२ लाख. सी वर्गातल्या, दोन वर्षं काढेल की नाही अशा रुग्णाचा झाला तर ८ लाख.

एखाद्या जीवघेण्या आजारावरच्या औषधाच्या चाचणीत हे सूत्र का आलं, ते मी समजू शकते. तिथे रुग्ण उपचाराच्या आशेनं आलेला असतो आणि मृत्यू आजाराचा की औषधाचा, हे ठरवणं कठीण असतं. यकृत-चाचणीत उपचाराची आशा कुणी दिलेलीच नसते. दोघंही फक्त मोजमापासाठी आलेले असतात, आणि जास्त धोका पत्करतो तो आजारी माणूसच.

ओकॅलिव्हाची गोष्ट २०१७वर थांबली नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये एफडीएनं पत्रकावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा घातला. मे २०२१मध्ये पुढच्या टप्प्यातल्या सिरॉसिससाठी औषधच वर्ज्य ठरवलं. सप्टेंबर २०२५मध्ये एफडीएच्या विनंतीवरून कंपनीनं ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. दरम्यान २०१९मध्ये हेपटायटिस सीच्या औषधांबाबत तसाच इशारा निघाला होता. ग्राझोप्रेव्हिर असलेल्या गोळीसह तीन औषधांवर यकृत आणखी बिघडल्याची ६३ प्रकरणं नोंदली गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच रुग्णांना ते औषध मुळात द्यायलाच नको होतं.

चूक दर वेळी बेपर्वाईनंच होते असं नाही. औषध सुरू करताना रुग्ण ए वर्गात असतो. आजार सरकत राहतो, वर्षभरात तो बी वर्गात जातो, पण चिठ्ठी तीच चालू राहते. गुणसंख्या पहिल्या दिवशी काढली जाते आणि फायलीत राहते. घरात सिरॉसिसचा रुग्ण असेल तर दर तपासणीला बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं माप) हे तीन आकडे डॉक्टरांपुढे ठेवून ‘आता मात्रा तीच ठेवायची का?’ असं विचारायला संकोचू नये. आणखी एक गोष्ट, कारण घरोघरी तिच्यात गल्लत होते. लिव्हर खराब म्हणून पॅरासिटामॉल टाळून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं जातं. सिरॉसिसमध्ये त्या गोळ्या मूत्रपिंड बंद पाडू शकतात, रक्तस्राव घडवू शकतात. डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत घेतलेलं पॅरासिटामॉल बहुतेक रुग्णांना त्यांच्यापेक्षा सुरक्षित असतं.

या माणसांनी दिलेल्या रक्ताचा उपयोग व्हायचा तर तो डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत पोचायला हवा. आणि ते देताना त्यांच्यातला कुणी दगावला, तर त्याच्या घरच्यांना शेजारच्या खाटेवरच्या निरोगी माणसाच्या एक चतुर्थांश रक्कम देऊन परत पाठवता कामा नये. कायद्यात त्यासाठी फार मोठा फेरबदल लागत नाही. ज्या चाचणीत सहभागी माणसाला उपचाराचा लाभ अपेक्षित नाही, तिथे सर्वांचा जोखमीचा घटक ४ धरावा, एवढं एक वाक्य सातव्या अनुसूचीत घालावं लागेल.